डोकं वर काढून पोहणारा माणूस

नवा माणूस भेटला की आपण त्याचं नाव विचारतो, गाव विचारतो, आणि फारच चौकस असलो तर पगारही विचारतो. भाऊ यातलं काही विचारत नसत. ते समोरच्याला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा निरखून बघत आणि हा बुडाला तर कसा बुडेल, ते मनाशी ठरवून टाकत. मग चहा मागवत.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी भुसावळहून बदली होऊन बनारसच्या रेल्वे ऑफिसात रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी माझी ही तपासणी झाली. लोखंडी कपाटांच्या मागे मला टेबल मिळालं होतं. शेजारच्या टेबलावर चाळिशी केव्हाच ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, ओल्या केसांचा एक माणूस बसला होता. त्याच्या बाजूने मोहरीच्या तेलाचा असा वास येत होता की मला वाटलं, कुणीतरी डब्यातलं लोणचं सांडलं. मी मराठी आहे हे कळल्यावर तो उठून माझ्या टेबलाशी आला, मला खालून वर बघितलं आणि म्हणाला,

"तुम्ही तरंगाल, वहिनी. फक्त तोंड बंद ठेवावं लागेल."

आमचे हे माझ्याआधी दोन महिने तिथे हजर झाले होते, तेवढ्या ओळखीवर मी वहिनी. माझ्याबद्दलचं हे मत माझ्या सासरच्या माणसांनाही इतक्या थोडक्यात कधी मांडता आलं नव्हतं. मला आधी राग आला, मग हसू आलं. पुढची सात-आठ वर्षं भाऊंच्या बाबतीत माझं असंच चाललं.

सगळं ऑफिस त्यांना भाऊ म्हणे. हिंदी सहकाऱ्यांना ते त्यांचं आडनाव वाटे. दशाश्वमेधामागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि घराणं काशीत किती पिढ्या आहे, ते त्यांनाही नक्की सांगता येत नसे. मराठी बोलत ते घरातलं, जुन्या वळणाचं, आणि त्यात हिंदी अशी मिसळत की कुठे शिवण आहे ते सापडू नये. "मी एकदम परेशान झालो, बिलकुल झोपच नाही," असं म्हणत. मी हसले की म्हणत, "तुमचं भुसावळचं मराठी काय फार शुद्ध आहे?"

तरुणपणी पोहण्याच्या शर्यती जिंकल्या म्हणून खेळाडूंच्या कोट्यातून त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली होती. काम रजेच्या अर्जांचं. त्यांच्या ढालींपैकी दोन टेबलावरच असत, पंख्याने अर्ज उडू नयेत म्हणून. पण भाऊंचं खरं काम पहाटे पाचपासून साडेनऊपर्यंत घाटावर चाले. ते पायऱ्यांवर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत. त्यांचं म्हणणं, बुडणारा माणूस पाण्यात जाण्याआधीच ओळखू येतो. तो पायरीवर अंगठा टेकवून बघतो, मग हसतो, मग कुणाला तरी हाक मारतो आणि तिकडे बघत बघत पुढची पायरी उतरतो. एका सकाळी मी त्यांच्याबरोबर बसले होते. त्यांनी तिघांकडे बोट दाखवलं आणि तिघांना आधीच खेकसून वर काढलं. तिघांपैकी एकानेही आभार मानले नाहीत.

ऑफिसातल्या सगळ्यांचा निकाल त्यांनी लावून ठेवला होता. "साहेबांची फिकीर नाही, वहिनी. ते आरडाओरडा करतील. जो ओरडतोय तो श्वास घेतोय. बडे बाबूंवर लक्ष ठेवायला पाहिजे. ते एकदम गपचूप जातील." बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, मिर्झापूरकडचे, मितभाषी, बारीक अंगकाठीचे. तेव्हापासून मी बडे बाबूंकडे फाईल घेऊन गेले की मला उगाच त्यांचा हात धरावासा वाटे.

बडे बाबूंचं आणि भाऊंचं एका गोष्टीवरून रोज वाजे, ती म्हणजे उशीर. हजेरीची वेळ दहाची, आणि भाऊ कधी सव्वादहा, कधी पावणेअकराला ओल्या केसांनी येत. शेवटी बडे बाबूंनी फर्मान काढलं की विलंबाचं कारण लेखी द्यायचं, हिंदीत, स्वच्छ अक्षरात. भाऊंनी पहिल्या दिवशी लिहिलं : "घाट पर एक व्यक्ति डूब रहा था। निकाला।" दुसऱ्या दिवशी लिहिलं : "वही व्यक्ति।" बडे बाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "वही?" तर तो माणूस आदल्या दिवशी पाण्यात राहिलेली चप्पल शोधायला परत आला होता. बडे बाबूंनी कागदावर सही केली आणि पुन्हा लेखी कारण मागितलं नाही.

बाहेर काढलेल्या माणसाला भाऊ आधी एक सणसणीत चपराक मारत, मग चहा पाजत. हा क्रम कधी चुकत नसे. मी एकदा त्यांना याबद्दल फैलावर घेतलं. अर्धमेल्या माणसाला मारायचं म्हणजे काय? त्यांचा सिद्धांत तयार होता. "वाचलेला माणूस आधी रडतो, मग त्याला लाज वाटते. लाज वाटली की तो उठून पळायला बघतो आणि परत घसरतो. चपराक बसली की राग येतो. राग आलेला माणूस होशमध्ये असतो." बायकांनाही मारता का, असं मी विचारलं. म्हणाले, "बायकांना नुसतं विचारायचं, घरी गॅस बंद करून आलात का? लगेच शुद्धीवर येतात."

या चपराकीने त्यांचं एक मोठं पदक घालवलं. तिशीत असताना रेल्वेने त्यांना पुरीला पाठवलं होतं, समुद्रातल्या जीवरक्षकांच्या स्पर्धेला. भाऊंनी त्याआधी समुद्र बघितला नव्हता, आणि बघितल्यावर त्यांना तो आवडलाही नाही. "त्याचा निर्णयच होत नाही, वहिनी. येतो पण, जातो पण. वर खारट!" तरी लाटा फोडत आत जाऊन बुडणाऱ्याला काठावर आणायची शर्यत त्यांनी सहज मारली असती. बुडणारा म्हणजे आयोजकांनी उभा केलेला एक धडधाकट तरुण, बुडायचं सोंग करणारा. भाऊंनी त्याला सगळ्यांच्या आधी वाळूवर आणून टाकलं आणि सवयीने एक ठेवून दिली. पंचांनी त्यांना बाद केलं. पंधरा-वीस वर्षांनंतरही भाऊंना ते पटलेलं नव्हतं. "बुडत नव्हता तर बुडतोय असं सांगितलं कशाला?" असं ते मला जाब विचारल्यासारखं विचारत.

त्यांच्या पोहण्यात एक खोट होती, आणि ती त्यांनाही माहीत होती. ते डोकं वर काढून पोहत. नदीतल्या शर्यतीत प्रत्येक घाट आला की मान उचलून काठाकडे एक नजर टाकत. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, आणि कंबर खाली गेली की वेग गेला. त्यांना शिकवणाऱ्या उस्तादांनी हात टेकले होते. डोकं पाण्यात ठेवलंस तर देशात पहिला येशील, असं त्यांना कुणी कुणी सांगितलं होतं. पण भाऊ आपले राज्यात तिसरे, चौथे. तीन शर्यती तर त्यांनी मधेच सोडल्या होत्या, काठावर कुणीतरी बुडताना दिसलं म्हणून. त्यातला एक खरं तर श्वास रोखून जप करणारा साधू होता. त्यालाही चपराक मिळाली. त्याने भाऊंना जो शाप दिला तो भाऊ मोठ्या अभिमानाने पाठ म्हणून दाखवत.

असा हा हसता-खेळता माणूस घरी मात्र सख्ख्या भावाशी बोलत नव्हता. अकरा वर्षं.

अण्णा त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे. दशाश्वमेधावर बांबूच्या मोठ्या छत्रीखाली लाकडी तख्तावर बसत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे ते पिढीजात पुरोहित. गोरे, नेटके, आवाज खणखणीत. भाऊंनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात हे दोघे भाऊ आणि अण्णांच्या पत्नी माई. रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला असू. पानावर बसल्यावर अण्णा म्हणत, "माई, त्याला सांग, मीठ इकडे सरकव." भाऊ म्हणत, "माई, त्यांना सांगा, मीठ पुढ्यातच आहे." माई कुणालाच काही सांगत नसत. दोघांनाही ऐकू येतच असे.

भांडण गाठीवरून होतं. नवराबायकोनं जोडीनं गंगास्नान करायचं तर नवऱ्याच्या उपरण्याला बायकोच्या पदराची गाठ मारतात आणि मग दोघं मिळून डुबकी घेतात. अण्णा ती गाठ बांधत. निरगाठ बांधत, ओढाल तितकी आवळत जाणारी. ओलं सूत असेल तर नखंही हरतात. भाऊंचं म्हणणं, सुरगाठ बांधा. एक टोक ओढलं की सुटली.

त्यांचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. एका दुपारी डबा खाताना मी सहज विचारलं, पोहताना लागलं का? त्यांनी पोळीचा घास खाली ठेवला आणि सांगितलं. मी ऑफिसात येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. परभणीकडचं एक जोडपं, अण्णांनीच गाठ बांधलेली. नवऱ्याचा पाय घसरला, तो खोल गेला, मागोमाग बाई. भाऊंनी उडी टाकली तेव्हा बाई हाताला लागली, पण खालून नवरा तिला ओढत होता. गाठ सुटेना. भाऊंनी ती दातांनी तोडली, बाईला वर आणलं आणि परत गेले, तोवर नवरा सापडला नाही.

"शुद्धीवर आल्यावर तिनं पदर हातात घेऊन बघितला," भाऊ म्हणाले. "मला विचारलं, गाठ कुणी सोडली? मी काय सांगणार, वहिनी?"

आम्ही दोघांनी डबे तसेच बंद केले.

तो नवरा बुडाला त्याच संध्याकाळी त्यांनी अण्णांना सांगितलं होतं की यापुढे सुरगाठ बांधायची. अण्णा म्हणाले, लग्नाची गाठ म्हणजे लेंग्याची नाडी नव्हे. मग शब्दाने शब्द वाढला. अण्णांची बाजूही मी एकदा माईंसमोर त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. ते शांतपणे म्हणाले, "पाण्यात गाठ आपोआप सुटली तर बाई तो अपशकुन जन्मभर मनाला लावून घेते. चार हजार मैलांवरून आल्यासारखी श्रद्धेने येते ती. तिला मी काय सांगू?" पलीकडच्या खोलीतून भाऊंचा आवाज आला, "माई, त्यांना सांगा, जन्म राहिला तर लावून घेईल!" एक गोष्ट मात्र माईंनी मला हळूच सांगितली होती. अण्णाही पट्टीचे पोहणारे होते. पण त्या परभणीच्या जोडप्यानंतर ते कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरले नाहीत. पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करत.

मग एका वर्षीचा गणपती आला. मराठी मंडळींचं जेवण होतं, पन्नासएक पानं. भाऊंनी वाढता वाढता सुरगाठीचा विषय पुन्हा काढला. पंगतीतल्या चार पुरोहितांनी माना हलवल्या, कुणी हसलं. अण्णांनी द्रोण खाली ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माई, त्याला सांग, एवढा मोठा तैराक आहे ना? कार्तिकात रामनगर ते शिंदे घाट शर्यत आहे. पोरांबरोबर उतर. पहिल्या तिघांत आलास तर मरेपर्यंत सुरगाठ बांधीन. आणि हे चौघे पण बांधतील. नाही आलास तर गाठीचं नाव काढायचं नाही."

चौघांनी हसत हसत हो म्हटलं. भाऊ हातात वरणाची बादली घेऊन उभे. अठ्ठेचाळीस वर्षांचे.

"माई, त्यांना सांगा, मंजूर," ते म्हणाले आणि पुढच्या पानावर वरण वाढलं.

त्यानंतरचे दीड-दोन महिने आमच्या ऑफिसात कुणी धड काम केलं नाही. भाऊंच्या हातापायांत अजून जोर होता. जिंकायचं तर एकच करायला हवं होतं, डोकं पाण्यात ठेवायचं. हे तालीम करून घ्यायचं काम कुणी अंगावर घेतलं असेल, तर बडे बाबूंनी! मधल्या सुट्टीत टेबलावर पाण्याने भरलेलं घमेलं यायचं, भाऊ त्यात तोंड घालून उभे राहायचे, एकेका बाजूला तोंड वळवून श्वास घ्यायचे, पुन्हा आत. बडे बाबू घड्याळ धरून शेजारी. आणि मध्येच हा मितभाषी माणूस कानाशी तोंड नेऊन जिवाच्या आकांताने ओरडे, "बचाओ! अरे कोई बचाओ!"

भाऊ ताडकन डोकं वर काढत. पाणी अर्जांवर उडे.

"फिर उठा दिया," बडे बाबू थंडपणे म्हणत. "फिर से।"

हळूहळू आम्ही सगळेच ओरडायला लागलो. साहेबसुद्धा एकदा केबिनमधून येऊन ओरडून गेले, आणि भाऊंनी म्हटल्याप्रमाणे त्यांचा आवाज खरंच मोठा होता. मी ओरडायचे, हे ओरडायचे. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की आम्ही सहा जणांनी गळे काढले तरी घमेल्यातलं डोकं हलत नसे. बडे बाबूंनी त्या दिवशी सगळ्यांना कचोरी-जिलेबी खिलवली. भाऊंनी मात्र एकच कचोरी खाल्ली. तोंड पुसत मला म्हणाले, "बरं नाही वाटत, वहिनी. चांगलं नाही हे." मी म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. त्यांना समजावण्यात मी पुढे होते, हे कबूल केलं पाहिजे.

शर्यत कार्तिकातल्या एका रविवारी होती. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या सासूबाई भुसावळहून आल्या आणि त्यांनी हट्ट धरला की मुलगा-सुनेनं जोडीनं डुबकी घ्यावी, त्याशिवाय काशीला येऊन उपयोग काय. रविवारी सगळेच घाटावर जाणार होतो. शर्यत दशाश्वमेधासमोरून पुढे शिंदे घाटाला संपायची, म्हणजे आमची डुबकीही होईल आणि भाऊही दिसतील, असा सोयीस्कर बेत ठरला. भाऊ पहाटेच नावेने रामनगरला गेले होते. अंगाला तेल फासून, डोक्याला पिवळी टोपी.

घाटावर ही गर्दी. पूर ओसरून गेलेला, खालच्या पायऱ्यांवर अजून गाळाचा पातळ थर होता. अण्णांनी संकल्प सांगितला, ह्यांचं उपरणं आणि माझा पदर हातात घेतला. मी गमतीने म्हटलं, "अण्णा, आजपासूनच सुरगाठ बांधा की."

"शर्यत कुठे संपलीय अजून?" अण्णाही हसले आणि गाठ आवळली.

आम्ही तीन पायऱ्या उतरलो. पाणी कमरेला लागलं. एक डुबकी झाली, दुसरी झाली. तेवढ्यात वरून ओरडा झाला, "आ गए! आ गए!" घाटावरची सगळी माणसं पुढे सरकली. कुणाचा तरी धक्का लागला. ह्यांनी शर्यत बघायला मान वळवली, पुढचं पाऊल टाकलं, आणि तिथे पायरी नव्हती.

आधी मला कमरेला हिसका बसला. मग पाणी कानात गेलं. मी तरंगेन असं भाऊ म्हणाले होते, पण खालून हे ओढत होते आणि त्यांना पोहता येत नव्हतं. मी एकदा वर आले. डोळ्यांसमोर सगळं पांढरं, आणि त्यात तीस-चाळीस हात अंतरावर एक पिवळी टोपी. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "भाऊ!" टोपी हलली नाही. हात एकापाठोपाठ एक, सुरेख लयीत, पाण्यात पडत होते, आणि भाऊ माझ्यासमोरून निघून गेले. तेव्हा मला त्यांचा जो राग आला, तसा आयुष्यात कुणाचा आला नाही. मग मी पुन्हा खाली गेले.

कुणीतरी माझी वेणी धरली. अण्णा होते. धोतर, उपरणं, कपाळावरचं गंध, सगळ्यासकट त्यांनी तख्तावरून उडी घेतली होती. एका हाताने त्यांनी मला वर धरलं आणि दुसऱ्या हाताने कमरेशी गाठ चाचपली. त्यांची बोटं माझ्या पोटाला लागत होती, म्हणून मला सगळं कळत होतं. त्यांनी टोक शोधलं, ओढलं, गाठ आणखी आवळली. नख घातलं. नख सरकलं. मग त्यांनी मला आडवं धरलं आणि तोंड पाण्यात घालून दातांनी ती गाठ धरली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. कापड फाटल्याचं मात्र जाणवलं. अण्णा तसेच खाली गेले आणि ह्यांना केसाला धरून वर घेऊन आले. तोवर एका नावाड्याने नाव आडवी घातली होती.

हे पायरीवर पालथे पडून पाणी ओकत होते. सासूबाई त्यांची पाठ चोळत देवाचं नाव घेत होत्या. मी रडत होते. अण्णा तख्ताच्या कडेला बसले होते. ओठ फाटून रक्त येत होतं आणि हातात माझ्या पदराचा तुकडा होता, गाठीसकट. ते तिच्याकडे बघत होते.

अर्ध्या-पाऊण तासाने गल्लीच्या बाजूने गलका ऐकू आला. भाऊ ओल्या अंगावर सदरा चढवून धावत पायऱ्या उतरत होते, मागे बडे बाबू. "तिसरा! माई, त्यांना सांगा, तिसरा आलो!" गळ्यात पदक उड्या मारत होतं. माई तिथे नव्हत्याच, पण एवढ्या वर्षांची सवय. पाच-सहा पायऱ्या वर असताना त्यांनी आम्हाला बघितलं. मला, ह्यांना, ओल्या अण्णांना, आणि अण्णांच्या हातातल्या तुकड्याला. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

ते माझ्यापुढे येऊन पायरीवर बसले. त्यांच्या तोंडचा रंग गेला होता.

"आवाज आला होता, वहिनी," ते म्हणाले. "तुमचा आवाज आला होता. मी मनाला म्हटलं, उचलायचं नाही."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी म्हटलं, "आम्ही आहोत की इथे." त्यांनी ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. चपराक मारायचा जोर त्यांच्यात नव्हता. बडे बाबू मागे उभे राहून उपरण्याने पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते.

तख्ताशी सोलापूरकडचं एक वयस्क जोडपं संकल्पासाठी थांबलेलं होतं. झाला प्रकार बघून ती बाई घाबरली होती आणि नवऱ्याला चला म्हणत होती. अण्णा उठले. ओठावरचं रक्त पुसलं. "या, बसा," म्हणाले. पूजा नेहमीसारखी सांगितली, फक्त आवाज बसला होता. मग नवऱ्याचं उपरणं आणि बाईचा पदर हातात घेतला. बोटं एकदा निरगाठीच्या वळणाने गेली आणि थांबली. त्यांनी ते वळण सोडवलं आणि नवीन घातलं. फासा काढला. एक टोक ओढून बघितलं, गाठ अलगद सुटली. त्यांनी ती परत बांधली.

"हे टोक हातात ठेवायचं," ते बाईंना म्हणाले. "पाय घसरला तर ओढायचं. मनात काही आणायचं नाही. मी सांगतोय."

भाऊंनी पैज जिंकली म्हणून बांधली की आणखी कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. भाऊ उठून तख्ताजवळ गेले. वाकून गाठ बघितली, बराच वेळ बघितली. माई घरी होत्या. मध्ये कुणीच नव्हतं.

"अण्णा," भाऊ म्हणाले, "ते टोक जरा लांब ठेव. घाबरलेल्या माणसाला आखूड टोक सापडत नाही."

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"मला शिकवू नकोस," ते म्हणाले, आणि गाठ सोडून, चार बोटं टोक लांब ठेवून, पुन्हा बांधली.